ओठ न मिटता सांगायची गोष्ट

कथा लिहायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत जी वाक्यं सुचतात, ती बहुधा आपली नसतात. बाहेर पाऊस कोसळत असतो. तिच्या डोळ्यांच्या कडा ओलावतात. तो खिडकीशी उभा राहून शून्यात बघत बसतो. वाचलेल्या कथांमधून, मालिकांमधून, सिनेमांमधून ही वाक्यं आपल्या हाताशी येऊन बसलेली असतात. त्यांत व्याकरणाची चूक नसते, भावनाही खोटी नसते. अडचण एवढीच, की ती लिहिताना लिहिणाऱ्याला काही बघावं लागत नाही.

नव्यानं लिहू पाहणारी मंडळी ‘सुचतच नाही’ अशी तक्रार करतात, तेव्हा मला उलटंच वाटतं. सुचतं भरपूर, पण सुचतं ते आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं. लेखनाचे सराव याच जागी कामाला येतात. सरावातून तयार कथा मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. सराव एकच गोष्ट करतो: हाताशी आलेलं पहिलं वाक्य काढून घेतो आणि दुसरं शोधायला लावतो. ते दुसरं वाक्य शोधताना डोकं ज्या वाटेनं जातं, तिथे कथा असण्याची शक्यता जास्त.

खाली दिलेले सराव पुण्याच्या नारायण पेठेतल्या माणसाला घरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात करता येतील असे आहेत. पेठेबाहेरच्यांनी आपापला चौक आणि आपापलं ग्रंथालय घ्यावं. लागतं ते थोडंच: एक जाड वही, एक पेन आणि रोजची वीस मिनिटं. मोबाइलवर लिहू नका, असं मी आग्रहानं सांगेन. तिथे खोडणं फार सोपं आहे, आणि सराव करताना खोडायचं नसतं. वाक्य फसलं तर तसंच ठेवून पुढचं लिहायचं.

मोरोपंतांचा धडा

बंधन घालून लिहिणं ही परदेशी कार्यशाळांतून आलेली कल्पना आहे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो खरा नाही. बारामतीचे कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांच्या नावावर १०८ रामायणं सांगितली जातात. एकच कथा, श्रोत्यांना तोंडपाठ असलेली, ती पुन्हा पुन्हा सांगायची तर दर वेळी नवी अट हवी. त्यांतलं एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठाला ओठ लागेल असं अक्षर त्यात वर्ज्य. त्याच्याही कितीतरी शतकं आधी संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली हकिगत सांगतो. प्रेयसीच्या दातांनी त्याचा ओठ दुखावलेला असतो, म्हणून तो अख्खी हकिगत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. दंडीनं अटीला कथेतच कारण दिलं, हे मला फार आवडतं. फ्रान्समध्ये १९६० साली काही लेखक आणि गणितज्ञांनी अशाच अटी घालून लिहिणारा ‘उलिपो’ नावाचा गट काढला. त्या गटातल्या जॉर्ज पेरेक यांनी १९६९ मध्ये ‘ई’ (e) हे अक्षर एकदाही न वापरता कादंबरी लिहिली. म्हणजे ही वाट जगात सगळीकडे वेगवेगळ्या लोकांनी शोधलेली आहे, आणि आपल्याकडे ती जुनी आहे.

आता हा सराव मराठी गद्यात करून बघा. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं बंद. जोडाक्षरांतही नकोत. (उ आणि व यांनाही शास्त्र ओष्ठ्य म्हणेल, पण सुरुवातीला पाच व्यंजनं पुरे आहेत.) शंभर शब्दांत एका घरातला एक प्रसंग लिहायचा.

पहिल्याच ओळीला कळेल काय गेलं ते. ‘मी’ गेला. ‘माझं’, ‘मला’, ‘आम्ही’, ‘आपण’ सगळे गेले. ‘म्हणाला’ गेलं, ‘बोलली’ गेलं, ‘पाहिलं’ आणि ‘बघितलं’ गेलं. ‘पण’ गेलं, ‘म्हणून’ गेलं. ‘मन’ गेलं, ‘प्रेम’ गेलं, ‘भीती’ गेली, ‘मरण’ गेलं. ‘पाऊस’सुद्धा गेला. नवख्या कथेचा निम्मा संसार या पाच अक्षरांवर उभा असतो, हे लिहून पाहिल्याशिवाय पटत नाही.

उरतं काय? हातानं केलेल्या कृती उरतात. वस्तू उरतात. नात्यांतली आई, आजी, दादा, ताई, काका, काकू, आत्या उरतात. एक नमुना देतो:

‘ऊन चढलं तरी ओटीवर दिवा जळत होता. दार उघडंच. खुंटीला दादाचा काळा कोट, खिशात साताऱ्याचं तिकीट, तारीख कालची. आजी जाजावर टेकली होती. कोणी काही विचारलं नाही. तिनं कोट ओढून घेतला, गुंडी लावली, काढली, लावली. “एसटी चुकली असेल,” ताईचा आवाज. आजीनं ऐकलं नाही, किंवा ऐकलं.’

या तुकड्यात ‘मी’ कुठेही नाही, तरी सांगणारा कोण हे कळतं. जो एकाला ‘दादा’ आणि दुसरीला ‘ताई’ म्हणतो, तो घरातला धाकटा. तो सगळं बघतो आहे आणि त्याला कुणी काही सांगत नाही. हे मी ठरवून केलं नव्हतं. ‘मी’ वापरता येत नव्हतं म्हणून नात्यांची नावं आली, आणि नात्यांच्या नावांतून निवेदक आला. आजीला काळजी वाटत होती असं लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून ती गुंडीशी चाळा करत राहिली. अट पाळून दोन-तीन तुकडे लिहून झाले की अट सोडून द्या आणि तोच प्रसंग पुन्हा मोकळेपणानं लिहा. ‘मी’ परत आणा, पण जिथे त्याच्यावाचून वाक्य अडतं तिथेच. या दुसऱ्या खर्ड्यात किती कमी ‘मी’ परत येतात ते मोजा.

हा सराव चतुराईचा खेळ होऊ शकतो, हा धोका खरा आहे. सगळी अक्षरं टाळून झाली, वाचणारे ‘वा’ म्हणाले, आणि तुकड्यात माणूसच नाही, असं होतं. म्हणून एक पोटअट घाला: तुकड्यातल्या एका माणसाला काहीतरी हवं असलं पाहिजे. वरच्या नमुन्यात आजीला दादा हवा आहे. तेवढ्यावर तो उभा राहतो.

एकच बाजू ऐकू येते

मराठीत कथालेखकाला शिकवणारा आणखी एक आकृतिबंध आहे आणि तो पुण्यात घडला: नाट्यछटा. शंकर काशिनाथ गर्गे म्हणजे ‘दिवाकर’ (१८८९–१९३१) हे पुण्यातले शिक्षक. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या नाट्यात्म एकभाषितांवरून त्यांना ही कल्पना सुचली, आणि १९११ पासून त्यांनी लिहिलेल्या छोट्या छोट्या नाट्यछटा आजही शाळांच्या व्यासपीठावर सादर होतात. नाट्यसंस्कार कला अकादमी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात नाट्यछटा स्पर्धा घेते. आपल्यातल्या कित्येकांनी चौथी-पाचवीत हातवारे करत एखादी म्हटलेली असेल. तेव्हापासून आपण ती मुलांची गोष्ट समजून बाजूला ठेवली, हे कथालेखनाचं नुकसान आहे.

नाट्यछटेत बोलणारा एकच. समोरचा माणूस आहे, तो उत्तरं देतो, पण आपल्याला ऐकू येत नाही. वाचकाला बोलणाऱ्याच्या वाक्यांवरून समोरच्याचं बोलणं ओळखावं लागतं. मोबाइल हातात घेऊन केळकर रस्त्यानं चालणारा प्रत्येक माणूस आज नाट्यछटा सादर करत चाललेला असतो. त्यामुळे हा सराव आपल्या काळाला दिवाकरांच्या काळापेक्षाही जास्त लागू आहे. पेठेत सध्या जो विषय घरोघरी फोनवर चालतो, तोच घेऊ या:

‘हॅलो… हो, बोला… सही तेवढी राहिली आहे, ठाऊक आहे मला… अहो, लिफ्ट होणार, पार्किंग होणार, सगळं पटतंय… बाकीच्या सगळ्यांनी केली? बरं झालं… नाही, अडवून धरायला मी काय वेडी आहे?… कुठली? जिन्याखालची होय. ती आमच्याकडेच आहे… मोजणीला माणूस आला होता तेव्हा मी घरी नव्हते… होते, पण किल्ली नव्हती… किल्ली भाऊजींकडे असणार… नाही येत ते… फोन नंबर नाही आमच्याकडे… आत काय असायचंय? जुनं सामान… मी कशाला बघू उघडून?… नको. कुलूप तोडू नका… परवा एकादशी आहे, परवा नको… मी सांगते ना तुम्हाला. मी स्वतः सांगते.’

वाड्याचा पुनर्विकास हा विषय हाताशी आला की लगेच आठवणींचा उमाळा येतो: अंगण, तुळशीवृंदावन, आजोबांचा झोपाळा. इथे बोलणाऱ्या बाईला बिल्डरशी बोलायचं असल्यामुळे तो उमाळा काढता येत नाही. तिला लपवायचं आहे. ‘घरी नव्हते’ हे खोटं तिच्या तोंडून निघतं आणि दुसऱ्याच श्वासात पकडलं जातं. जिन्याखालच्या खोलीत काय आहे हे मलाही लिहिताना ठाऊक नव्हतं. आता या बाईची कथा लिहायची झाली तर मला ती खोली उघडावी लागेल, किंवा ती न उघडण्याचं धैर्य दाखवावं लागेल.

लिहिण्याची रीत अशी. वहीची दोन्ही पानं समोर ठेवा. डाव्या पानावर समोरच्या माणसाची वाक्यं लिहा, उजव्या पानावर तुमच्या पात्राची. टिंबांच्या प्रत्येक जागी डाव्या पानावर खरं वाक्य असलंच पाहिजे. नाहीतर टिंबं नुसती सजावट होतात, आणि वाचकाला ते लगेच कळतं. मग डावं पान झाकून उजवं मोठ्यानं वाचा. पात्रानं समोरच्याचं म्हणणं पोपटासारखं परत उच्चारलं असेल (‘काय म्हणता, तुम्ही उद्या येणार?’) तर ते वाक्य बदला. अशी वाक्यं नाट्यछटेत फार शिरतात. पात्रानं स्वतःच्या भावनेचं नाव घ्यायचं नाही. आणि एक गोष्ट त्याला ठाऊक असून त्यानं शेवटपर्यंत सांगायची नाही. तीनशे शब्दांवर थांबा.

संवाद हे मराठी कथेचं मोठं बळ आहे, आणि नवा लेखक नेमका तिथेच कमी पडतो, कारण त्याची दोन्ही पात्रं एकमेकांना सगळं नीट समजावून सांगत असतात. महिनाभर नाट्यछटा लिहा. नंतर लिहिलेल्या साध्या दोन माणसांच्या संवादात किती शब्द गळतात ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

जाहीर नोटीस

गायकवाड वाड्यातून निघणाऱ्या ‘केसरी’मुळे नारायण पेठ म्हटलं की अग्रलेख आठवतो. कथालेखकानं मात्र वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या बारीक टायपाकडे जावं. तिथे जाहीर नोटिसा असतात, नावातल्या बदलाच्या जाहिराती असतात, हरवलेल्या खरेदीखताची सूचना असते, ‘अमुक इसमाशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही, त्याच्याशी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही’ असा मजकूर एखाद्या फोटोखाली असतो. बापानं मुलाबद्दल पैसे भरून छापून आणलेलं ते वाक्य वाचल्यावर मला पुढचं पान उलटवत नाही. आदल्या रात्री त्या घरात जेवायला कोण कोण बसलं होतं? मजकूर कुणी लिहिला? आईला दाखवला का?

एक नोटीस कापून वहीत चिकटवा आणि आदली रात्र लिहा. नोटिशीतला एकही शब्द कथेत वापरायचा नाही, खरी नावं आणि ओळखीच्या खुणा तर नाहीच नाही. तो खऱ्या माणसांचा संसार आहे. तुम्हाला हवी आहे ती घटनेची आकृती, त्यांची अब्रू नव्हे.

मिळकतीच्या नोटिशीत आणखी एक ऐवज असतो: चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची मिळकत, दक्षिणेस सार्वजनिक बोळ, पश्चिमेस तमक्याची मिळकत, उत्तरेस रस्ता. घराचं वर्णन घराच्या आत न जाता, आजूबाजूला काय आहे यावरून केलेलं असतं. यावरून बेतलेला सराव मला सगळ्यांत समृद्ध वाटतो. एक घर ठरवा, त्यात एक माणूस ठेवा, आणि त्या घरात पाऊल न टाकता चार परिच्छेद लिहा. पूर्वेच्या शेजाऱ्याला भिंतीतून काय ऐकू येतं. दक्षिणेच्या बोळातून रोज जाणाऱ्या दूधवाल्याला किती पिशव्या टांगाव्या लागतात आणि कधीपासून एक कमी झाली. पश्चिमेकडच्या खिडकीतून अभ्यासाला बसलेल्या मुलीला काय दिसतं. उत्तरेच्या रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला काय दिसत नाही. चौघांचं म्हणणं एकमेकांशी जुळायला नको. दूधवाल्याला वाटतं माणूस गावाला गेला, मुलीला वाटतं आजारी आहे. वाचक पाचवा, त्याला ठरवू द्या.

रेमों क्नो या फ्रेंच लेखकानं १९४७ साली बसमधला एक क्षुल्लक प्रसंग ९९ तऱ्हांनी लिहून दाखवला. तेवढ्या आपल्याला नकोत. चार पुरेत, पण त्या चारांमध्ये चार वेगळी माणसं बोलली पाहिजेत, एकच लेखक चार वेळा नव्हे. दूधवाला हिशेबात बोलेल. शेजारी तक्रारीत बोलेल. शब्दसंग्रह बदलला नाही तर सराव फुकट गेला असं समजा.

चौकात बसणं

पेरेक यांचाच आणखी एक प्रयोग. ऑक्टोबर १९७४ मध्ये ते पॅरिसच्या साँ-सुल्पीस चौकात तीन दिवस बसले आणि जे दिसतं ते टिपत राहिले. गाजलेल्या इमारतींचं वर्णन टाळून त्यांनी बस, कबुतरं, पिशव्या, माणसं यांच्यावर लक्ष ठेवलं.

पत्र्या मारुतीच्या चौकात, किंवा ग्रंथालयाच्या पायरीवर, किंवा खाली नदीकाठी अर्धा तास बसा. अट अशी की विशेषण आणि उपमा बंद. ‘गजबजलेला रस्ता’ नाही. किती वाजता कोण कुठून कुठे गेलं, एवढंच. कॉट बेसिसवर राहणारी, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं अभ्यासिकेतून चहाला बाहेर पडतात. ती चालताना काय बोलतात? मेसच्या डब्यावर नाव कशानं लिहिलेलं असतं? छापखान्यातून निघालेल्या हातगाडीवर कागदाची रिळं असतात की बांधलेले गठ्ठे? गणपतीच्या आधीच्या दिवसांत ढोलपथकाचा सराव सुरू झाला की कोणती खिडकी बंद होते?

घरी आल्यावर टिपणं वाचताना दोन गोष्टी शोधा: जी दोनदा घडली, आणि जी घडायला हवी होती पण घडली नाही. एक गृहस्थ पिशवी घेऊन गेले आणि पिशवीशिवाय परत आले. रोज चार वाजता उघडणारं शटर आज उघडलं नाही. कथा इथून सुरू करता येते. चौकाचं वर्णन करायची गरजच उरत नाही, कारण तुम्ही तो पाहिलेला असतो आणि तो आपोआप वाक्यांत उतरतो.

पेठेतल्या नावांवरही एक छोटा सराव होतो. पत्र्या मारुती, माती गणपती, मोदी गणपती, मुंजाबाचा बोळ. खरा इतिहास शोधायच्या आधी तुमची आख्यायिका लिहा, एकाच पानात, आणि ती कुणाच्या तोंडची हे ठरवून. मग खरं कारण वाचा. सहसा खरं कारण जास्त साधं आणि जास्त विचित्र असतं, आणि कल्पना कुठे गुळगुळीत झाली ते त्यावरून कळतं.

ऐकलेलं लिहिणं

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, मुठेला पूर आला, आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे पाण्याखाली गेले, कित्येक कोसळले. नारायण पेठेत त्या दिवसाबद्दल सांगणारी माणसं अजून आहेत. तेव्हा ती लहान होती, आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडे जाऊन ‘पुराचं सांगा’ म्हटलं तर इतक्या वर्षांत घासून गोल झालेली हकिगत मिळते. ‘वर जाताना तुमच्या घरातून काय उचललंत?’ असं विचारा. कुणी शिवणयंत्राचं डोकं काढून नेलं असेल, कुणी शाळेची प्रगतिपुस्तकं, कुणी काहीच नाही. आणि मागे काय राहिलं, ते कुणाच्या लक्षात आधी आलं, हे विचारा. विचारताना आपण कथा लिहितो हे सांगा. नको म्हणाले तर थांबा.

मग तो प्रसंग लिहा. ‘पाणी’, ‘पूर’, ‘धरण’, ‘नदी’, ‘लाट’ हे शब्द न वापरता. जिना, कंदील, हातातली वस्तू आणि खालून येणारा आवाज यांवर सगळं पेलायचं. या अटीतून निघालेले काही तुकडे मी ऐकले आहेत. पुराचं थेट वर्णन करणाऱ्या पानांपेक्षा ते अंगावर येतात, कारण त्यांतल्या माणसांना काय चाललंय ते अजून पुरतं कळलेलं नसतं. त्या सकाळी खरोखरही तसंच होतं.

सराव म्हणजे पुन्हा तंत्रच ना?

हा प्रश्न मराठीत विचारला जाणारच, आणि तो विचारायलाही हवा. ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीचं तंत्र शिकता येतं अशी बाजू मांडली. त्यानंतर बेतलेल्या कथानकांची इतकी गर्दी झाली की चाळीसच्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेनं तो साचाच मोडला. तेव्हापासून ‘तंत्र’ म्हटलं की गंभीर लेखकाच्या कपाळाला आठी पडते. मला स्वतःला नवकथेची बाजू जवळची वाटते. तरी सरावाला मी तंत्र मानत नाही. तंत्र सांगतं की कथा कुठे वळली पाहिजे, कळस कुठे आला पाहिजे. सराव एवढंच सांगतो की ही एक वाट आज बंद आहे. पुढे कुठे जायचं ते लिहिणाऱ्यानं बघायचं.

सरावाचा खरा धोका वेगळा आहे. काही जण वर्षानुवर्षं सरावच करत राहतात. वही भरते, तुकडे चमकदार होतात, आणि बारा पानांची पूर्ण कथा एकही होत नाही. पूर्ण कथा लिहिताना मधली कंटाळवाणी पानं सोसावी लागतात, ती तुकड्यात नसतात. म्हणून ठरवून टाका: साधारण दहा तुकड्यांमागे एक निवडायचा आणि त्याची कथा पूर्ण करायची, चांगली होवो वा न होवो.

निवडायचा कसा? तुकडे आठवडाभर बाजूला ठेवा. मग न वाचता, आठवेल ते कागदावर लिहा. जो तुकडा आठवला, तो घ्या. त्यातलं जे वाक्य शब्दशः आठवलं, ते नव्या पानावर सर्वांत वर लिहा आणि तिथून पुढे चला. सरावातली अट आता पूर्ण विसरा. निरोष्ठ तुकड्यातून निघालेल्या कथेत ‘म’ यायला हरकत नाही. ती अट दार उघडण्यापुरती होती.

वाचनाचाही एक सराव असतो, तो ग्रंथालयात करावा. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचं आहे. तिथे किंवा आपल्या जवळच्या जुन्या ग्रंथालयात दिवाळी अंकांचे आणि मासिकांचे बांधीव खंड मागा. आवडत्या लेखकाची न वाचलेली कथा काढा, पहिला परिच्छेद वाचा, अंक मिटा. त्या माणसाला पुढे काय होईल ते स्वतः एक पान लिहा. मग मूळ कथा वाचा. लेखकानं तुमच्यासारखाच वळसा घेतला असेल तर आनंद माना. नसेल, तर त्यानं कोणती सोपी वाट नाकारली ते वहीत नोंदवा. तुम्ही लिहिलेलं ते पान तुमच्यासाठीच, ते छापायला द्यायचं नाही.

चार जण मिळून

एकट्यानं सराव टिकत नाही. चार जण जमवा, सहाच्या वर नको. पंधरवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसा. एकानं समस्या द्यायची, जुन्या समस्यापूर्तीसारखी: शेवटचं वाक्य ठरलेलं, तिथपर्यंत प्रत्येकानं आपापल्या वाटेनं यायचं. उदाहरणार्थ, ‘त्यानं पावती परत खिशात ठेवली.’ वीस मिनिटं शांतपणे लिहायचं आणि लगेच मोठ्यानं वाचायचं.

पहिल्या फेरीत मत द्यायचं नाही. ‘छान’ही नाही. ऐकणाऱ्यांनी फक्त सांगायचं की कोणतं वाक्य अजून कानात आहे आणि कुठे लक्ष सुटलं. लिहिणाऱ्यानं खुलासा करायचा नाही. ‘मला खरं तर असं म्हणायचं होतं’ हे ज्याच्या ओठांवर येईल, त्यानं ते वहीत लिहून ठेवावं. पुढच्या खर्ड्याला त्याचाच उपयोग होतो. दुसऱ्या फेरीत सविस्तर बोला, पण कथेबद्दल, लेखकाबद्दल नव्हे. १९८२ पर्यंत चाललेल्या ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी एकेका खर्ड्यावर पत्रांतून बारकाईनं चर्चा करत, पुन्हा लिहायला लावत. आज तसा संपादक मिळणं अवघड आहे. मित्रांनी एकमेकांसाठी ते काम थोडं तरी करावं.

गटाचं व्हॉट्सअ‍ॅप असेल तर ते वेळ ठरवण्यापुरतं ठेवा. ताजा तुकडा तिथे टाकला की अंगठे आणि फुलं येतात, आणि पुन्हा लिहायची इच्छा तिथेच संपते.

वर्षाचं वेळापत्रक आखायचं तर दिवाळी अंक धरून आखा. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीलाच संपतं आणि तिथूनच सुरू होतं. बहुतेक संपादक पावसाळ्यातच साहित्य मागवून घेतात. दिवाळीनंतर सराव सुरू करा, थंडीत तुकडे लिहा, फेब्रुवारी-मार्चपर्यंत कथेसाठी एक तुकडा निवडा. मेमध्ये पूर्ण खर्डा हातात असेल, तर पाठवण्याआधी कथा दोनदा मुळापासून लिहायला वेळ उरतो. ज्या अंकाला पाठवायची, त्याचे मागचे दोन-तीन अंक तोवर वाचून काढा. प्रत जवळ ठेवा आणि एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवा.